एका शब्दाचे अवयव

रायपुरातील मराठी विद्यार्थ्याला ‘डीकॉम्पोझिशन’ या एका इंग्रजी शब्दासाठी किती शब्द शिकावे लागतात हे मोजू गेल्यास त्यात या शहराच्या इतिहासाचा एक धागा हाती लागतो. मराठी गणितात संख्येचे ‘अवयव’ पाडतात. हिंदी पुस्तकात त्यांचे ‘गुणनखंड’ होतात. रसायनशास्त्रात मराठी मुलगा ‘अपघटन’ शिकतो, तर हिंदी पुस्तकात बहुधा ‘वियोजन’ आढळते. गळून पडलेल्या पानांचे मात्र ‘विघटन’ होते.

ही विभागणी पूर्वापार नव्हे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. 1946 पासून त्या प्रांताचे शासनप्रमुख असलेले पं. रविशंकर शुक्ल हे रायपूरचेच वकील. त्यांच्या शासनाने नागपुरात डॉ. रघुवीर यांच्याकडून शास्त्रीय परिभाषेचे काम करवून घेतले. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांतून घडलेला शब्द हिंदीला चालेल तसा मराठीलाही चालेल, ही त्यामागची भूमिका. ‘घट्’ म्हणजे जुळून येणे; त्याला ‘वि’ वा ‘अप’ लावला की जुळलेले सुटते. विघटन सांगणारा शब्दही असा अवयव पाडूनच समजतो, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कार्बन डायऑक्साइडला डॉ. रघुवीरांनी ‘प्रांगार द्विजारेय’ म्हटले, त्याची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा सोपी होती. दोन भाषांच्या मुलांना एका बाकावर बसवण्याची त्यामागची इच्छा तितकी सोपी नव्हती.

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. पुढे मराठीची परिभाषा महाराष्ट्रात घडली, हिंदीची दिल्लीत. मराठी शाळेतून हिंदी वा इंग्रजी वर्गात गेलेल्या मुलाला ठाऊक असलेलीच गोष्ट परक्या नावाने भेटू लागली. त्या क्षणी हुशार मुलेही गप्प बसतात. त्यांचे ज्ञान कमी नसते, शब्द कमी असतो.

शब्दाखालचा अर्थ पाहिला तर तिन्ही शास्त्रांत तो सारखा नाही. हीरक महोत्सवाचा 60 हा अंक घ्यावा. त्याचे मूळ अवयव 2, 2, 3 आणि 5. कोठूनही सुरुवात केली तरी हेच चार हाती येतात आणि 60 तसाच राहतो. येथे काहीच मोडत नाही, म्हणून ‘खंड’ यापेक्षा ‘अवयव’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. अर्थात मोठ्या संख्येचे अवयव शोधणे सोपे नसते: 1977 साली आव्हान म्हणून मांडलेल्या 129 अंकी संख्येचे दोन अवयव 1994 साली, शेकडो संगणक कामाला लावल्यावर सापडले.

संगणकशास्त्रात असा एकमेव निकाल नसतो. डेव्हिड पार्नास यांनी 1972 च्या निबंधात एकच आज्ञावली दोन रीतींनी विभागून दाखवली. कामाच्या पायऱ्यांनुसार पाडलेले भाग एक निर्णय बदलताच सगळेच उसवतात. पुढे बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवला तर दुरुस्ती तेथल्या तेथे होते. विभागणी येथे माणसाने निवडायची असते.

रसायनशास्त्रातील विघटन रायपूरकरांना दूर शोधावे लागत नाही. बलौदाबाजारच्या पट्ट्यातील चुनखडी सिमेंटच्या भट्ट्यांत जाते. सुमारे 900 अंश सेल्सिअसला ती फुटते. शुद्ध चुनखडी 100 ग्रॅम असेल तर कळीचा चुना 56 ग्रॅम उरतो आणि 44 ग्रॅम वायू निघून जातो. भट्टीतून दगड हलका होऊन येतो, हे चुना भाजणाऱ्यांना हाताने कळत असे; निसटणाऱ्या त्या वायूचा माग जोसेफ ब्लॅक यांनी 1756 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लावला. येथे मूळ पदार्थ उरत नाही, वजनाचा हिशेब तेवढा पुरा जुळतो. मात्र तोच चुना विरवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि काही काळाने भिंतीवर पुन्हा चुनखडीच उभी राहते.