फलकलेखन व संगणक (वाणगाव–पालघर–बोईसर परिसर)

दुकाने, कारखाने, वाहने आणि भिंती यांवर अक्षरे रेखण्याचा व्यवसाय. करणाऱ्याला लोक ‘पेंटर’ म्हणतात. वाणगाव (ता. डहाणू) हे मिरचीच्या शेतीसाठी ओळखले जाणारे गाव; लोहमार्गावर लगतचे स्थानक बोईसर, तारापूर औद्योगिक वसाहतीचे. गुजरातची हद्द जवळ असल्याने या पट्ट्यातल्या पेंटरला देवनागरी व इंग्रजीबरोबर गुजराती अक्षरही वळवता आलेले बरे असे.

हातकाम : पत्र्याला अस्तर द्यायचे, खडू लावलेला दोरा ताणून ओळी मारायच्या, मजकूर खडूने मांडून पाहायचा आणि मग चपट्या ब्रशने ऑइलपेंट भरायचा. खरी कसोटी मांडणीची. किराणा दुकानाचे लांबलचक नाव सहा फुटांत बसवताना चांगला पेंटर अक्षर अरुंद करी, पण रेघेची जाडी सोडत नसे. जोडाक्षराला जागा आधीच राखी. उकार खालच्या ओळीत घुसू देत नसे. शिक्षण बहुधा दुसऱ्या पेंटरच्या हाताखाली, फार तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा. गिऱ्हाईक त्याच्या आधीच्या पाट्या पाहून काम देई.

संगणकानंतर : कोरलड्रॉ हे आरेखनाचे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये बाजारात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या प्रणालींनी मराठी अक्षर पडद्यावर आणले. त्यामागून रेडियम कापणारे प्लॉटर आणि फ्लेक्स छापणारी यंत्रे आली. दोन दिवसांची पाटी तासाभरात निघू लागली.

कौशल्य संपले नाही. ते हातातून फाइलीत गेले, आणि जाताना काही गळाले. पडद्यावर नाव आडवे ताणले की उभे दंड फुगतात, शिरोरेषेची जाडी मात्र आहे तेवढीच राहते. पेंटरने असे अक्षर कधी काढले नसते. जुने मराठी फॉन्ट युनिकोडमधले नसल्याने दुसऱ्या संगणकावर मजकुराचा विचका होतो, म्हणून शब्दांचे ‘कर्व्ह’, म्हणजे नुसत्या आकृत्या, करून फाइल छपाईला धाडतात. कर्व्ह झालेला मजकूर पुन्हा टंकून सुधारता येत नाही; चुकलेली वेलांटी तशीच पुढच्या फलकावर जाते. शुद्धलेखन तपासण्याची जबाबदारी कारागिराकडून गिऱ्हाइकाकडे सरकली, हा या व्यवसायातला सर्वांत गंभीर बदल मानावा लागेल.

मराठी वळणाचे काय झाले, हेही नोंदवले पाहिजे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितले आहेत. जुना पेंटर तेच काढी. संगणकावर सहज हाती लागणारे अनेक फॉन्ट मात्र हिंदी वळणाचे, र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी सुलेखनकाराने घडवलेला विंडोजमधला ‘मंगल’सुद्धा मूळचा तसाच. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’, ‘बलू’ असे फॉन्ट विनामूल्य खुले केल्यापासून निवड वाढली आहे.

कारखान्यांचे फलक : कारखाने अधिनियम, १९४८ नुसार सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्या लागत. रसायनांच्या टँकरवर धोक्याची चिन्हे व आपत्कालीन माहितीचा चौकोन लागतो. इथे सुबकपणापेक्षा ठरलेला रंग, माप आणि अचूक मजकूर मोलाचा. या कामात संगणकाने व्यवसायाला निःसंशय शिस्त दिली.

उरलेले हातकाम : फ्लेक्सने पेंटर संपवले, असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंती’, ग्रामपंचायतींची घोषवाक्ये, देवळांच्या कमानी अजून ब्रशने होतात. वारली चित्रांची मागणीही या भागात भिंतीवरच्या हाताला काम देते.

मराठी पाट्या : राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने सर्व दुकानांना मराठी देवनागरी फलक बंधनकारक, मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. इतक्या थोड्या अवधीत एवढ्या पाट्या पुरवणे यंत्रालाच शक्य होते.

नंबरपाट्या : १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना अतिसुरक्षित नोंदणीपाटी सक्तीची; त्यामुळे त्यांचे क्रमांक रंगवण्याचे काम पेंटरकडून गेले.