वेग आणि आवर

मोटारगाडीचा इतिहास सांगतांना बहुधा वेगाचाच इतिहास सांगितला जातो. कोणती गाडी ताशीं किती मैल धांवली, कोणीं कोणाचा उच्चांक मोडला, याच्या कथा आपण कौतुकानें ऐकतों. परंतु ती गाडी थांबविणारा ब्रेक, आणि एंजिनाचा जोर चाकांपासून अलग करणारा क्लच, यांची आठवण फारसें कोणी काढीत नाहीं. वास्तविक गाडीनें किती वेगानें जावें हें ती किती अंतरांत थांबूं शकते यावर ठरावयास हवें. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट होतें. म्हणून आज या दोन उपेक्षित अवयवांची, व विशेषतः त्यांच्या जुळणीची, हकीकत आपणांपुढें मांडतों.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांसह, पतीस आगाऊ न सांगतां, त्यांचीच तीनचाकी मोटार घेऊन मॅनहाइमहून फॉर्टझहाइम येथें आईकडे गेल्या. अंतर सुमारें ६५ मैलांचें. उतारांवर गाडीचे लांकडी ब्रेक झिजूं लागले. तेव्हां बाईंनीं वाटेंतील एका गांवीं जोडे करणाऱ्या कारागिराकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. आज ज्यास ब्रेकाचें लायनिंग म्हणतात त्याची मोटारीच्या इतिहासांतील पहिली हकीकत ती हीच.

इंग्लंडमध्यें डर्बीशर परगण्यांतील हर्बर्ट फ्रूड यांस डोंगराळ भागांतील गाडीवानांची एक युक्ति दिसली. उतार आला कीं ते ब्रेकाच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचा तुकडा बसवीत. या साध्या युक्तींतून १८९७ मध्यें फ्रूड यांचे प्रयोग सुरू झाले. 'फेरोडो' हें प्रसिद्ध नांव त्यांच्याच आडनांवाच्या अक्षरांची फिरवाफिरव करून, त्यांत एका अक्षराची भर घालून, बनलेलें आहे. पुढें लायनिंगमध्यें न जळणारें ॲस्बेस्टॉस वापरांत आलें व सर्व जगभर पसरलें.

१९०२ च्या सुमारास फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं ड्रम ब्रेक प्रचारांत आणला. चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ डबा, आणि त्याच्या आंत दोन कमानदार पट्ट्या. पेडल दाबलें कीं पट्ट्या फांकून डब्यास घांसतात. रचना सोपी, पण तिच्यांत एक कायमची कटकट होती. घासणारी वस्तु झिजते, झिजली कीं मधील फट वाढते, आणि फट वाढली कीं पेडल खोल जातें. म्हणून ठराविक काळानें पट्ट्या ड्रमाजवळ आणून ठेवाव्या लागत. शिवाय जोर लोखंडी सळयांनीं व तारांनीं पोंचविला जाई. एक सळई अधिक ताणलेली व दुसरी सैल असली तर गाडी एका बाजूस ओढे. पुढच्या चाकांस ब्रेक लावला तर गाडी घसरेल, अशीहि भीति होती. त्यामुळें कित्येक वर्षें बहुतेक गाड्या केवळ मागच्या दोन चाकांच्या भरंवशावर धांवत होत्या.

सळयांच्या या असमानतेवर उपाय सांपडला तो सतराव्या शतकांतील एका सिद्धांतांत. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल यांनीं दाखविलें होतें. अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यांनीं तें तत्त्व ब्रेकास लाविलें. १९२१ मध्यें ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारहि चाकांस द्रवाचे ब्रेक आले. चाकाचाकांतील विषमता बरीच मिटली; पण झीज मिटली नाहीं, व म्हणून पट्ट्या आवळण्याचें काम उरलेंच.

ट्रॅक्टरच्या बाबतींत तर ही जुळणी अक्षरशः जीवन-मरणाची ठरली. १९१७ पासून मोठ्या प्रमाणावर निघूं लागलेला फोर्डसन ट्रॅक्टर शेतकऱ्यांस परवडणारा होता. पण नांगर खडकांत वा मुळांत अडकला कीं त्याचें तोंड वर उचले, आणि तो उलटा होऊन चालकाच्या अंगावर येई. अशा क्षणीं वेळेवर दाबलेला क्लच हाच त्याचा तारणहार. क्लचच्या पेडलास थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. ती मुळींच नसेल तर क्लच घसरत राहून जळतो. अति असेल तर पेडल पुरतें दाबूनहि एंजिन अलग होत नाहीं. पुढें बहुतेक ट्रॅक्टरांस डाव्या व उजव्या चाकांचे स्वतंत्र ब्रेक आले. शेताच्या टोकाशीं वळतांना एकच पेडल दाबून झटकन वळतां येतें. मात्र रस्त्यावर दोन्हीं पेडलें एकत्र अडकवावीं लागतात, व दोहोंची पकड सारखी असावी लागते. ती नसेल तर वेगांत ब्रेक दाबतांच ट्रॅक्टर तिरका होतो, प्रसंगीं उलटतोहि.

या प्रगतीची एक काळी बाजूहि आहे. ज्या ॲस्बेस्टॉसनें असंख्य प्रवाशांचे प्राण राखले, त्याचीच धूळ लायनिंग बनविणाऱ्या व बदलणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन बसली. कित्येकांस दुर्धर रोग जडले, आणि तेहि वीस-तीस वर्षांनंतर. ब्रिटननें त्याच्या वापरावर १९९९ मध्यें पूर्ण बंदी घातली. आपला प्रवास सुरक्षित करणाऱ्याची सुरक्षितता पाहण्यास जगानें फार उशीर लावला, हेंच खरें.

१९५३ मध्यें ल मान्स येथील शर्यत डिस्क ब्रेकांच्या जॅग्वार गाडीनें जिंकली, आणि त्यानंतर चकतीस चिमट्यासारखा पकडणारा हा प्रकार सर्वत्र रूढ झाला. त्यांतील झीज आपोआप भरून निघते. पण यंत्र कितीहि शहाणें झालें, तरी त्यास उष्णतेचा नियम चुकत नाहीं. बोरघाट उतरतांना ज्यानें खालचा गिअर घातला नाहीं व पाऊल सतत ब्रेकवरच ठेवलें, त्याचे ब्रेक तापतात व त्यांची पकड मंदावते. चांगला चालक म्हणूनच उतार लागण्यापूर्वीं गिअर बदलतो.

श्रोतेहो, आपण बसमध्यें डोळे मिटून निश्चिंत बसतों, त्या निश्चिंततेमागें कोठल्याशा आगारांत गाडीखालीं पडून पट्ट्यांमधील फट तपासणाऱ्या कारागिराचे काळे हात असतात. वेगाचें श्रेय वाटून झालें म्हणजे त्या हातांचाहि वाटा वेगळा काढून ठेवावा, एवढीच विनंति.