मोजले, पण विचारले नाही: माता मृत्यूंच्या नोंदीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ केवळ मोजल्याने मृत्यू थांबतात का? इंग्लंडने बाळंतपणातील मृत्यू जवळपास शतकभर मोजले, तरी त्यांचे प्रमाण फारसे घटले नाही. असे का झाले, ते या धाग्यात पाहू.

२/ इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी या नोंदींतून माता मृत्यूंकडे वारंवार लक्ष वेधले. तरीही १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर हजार जन्मांमागे साधारण ४ ते ५ माता दगावतच राहिल्या.

३/ नोंदीतही पळवाट होती. प्रसूतिज्वराने बाळंतीण गेली, की संशय डॉक्टरवर वा सुईणीवर येई. म्हणून काही दाखल्यांवर केवळ 'उदरावरणदाह' असे लिहिले जाई. बाळंतपणाचा उल्लेखच गळून पडे.

४/ १९२८ मध्ये सरकारने समिती नेमली. तिने हजारो मृत्यूंची प्रकरणे एकेक करून तपासली. १९३२ च्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष हादरवणारा होता: जवळपास निम्म्या प्रकरणांत टाळता येण्याजोगी चूक वा उणीव आढळली.

५/ पुढे सल्फा औषधे आली. लेनर्ड कोलब्रूक यांनी १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातील प्रॉन्टोसिलचे परिणाम प्रसिद्ध केले. मग पेनिसिलिन आणि रक्तसंक्रमण आले. १९५० पर्यंत प्रमाण हजारी एकाच्याही खाली उतरले.

६/ म्हणजे मोठी घट औषधांनी घडवली. मग चौकशीचे प्रयोजन काय? उरलेले मृत्यू. १९५२ पासून प्रत्येक माता मृत्यूची 'गोपनीय चौकशी' होऊ लागली. नावे गाळली जात आणि हेतू शिक्षेचा नव्हे, शिकण्याचा असे. भय सरले, तेव्हा डॉक्टर खरे सांगू लागले.

७/ फलित पाहा. सिझेरियननंतर रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून माता दगावतात, हे अहवालांतून पुनःपुन्हा दिसले. १९९५ मध्ये प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यानंतर असे मृत्यू लक्षणीय घटले.

८/ भारतात दोन वाटा आहेत. नमुना नोंदणी पद्धती प्रमाण सांगते: २००४–०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे २५४, तर २०१८–२० मध्ये ९७ (महाराष्ट्र ३३, केरळ १९, आसाम १९५). पण ती नमुन्यावर बेतलेली असल्याने अमुक गावातील अमुक स्त्री का गेली, हे सांगू शकत नाही.

९/ त्यासाठी २०१० पासून माता मृत्यू अन्वेषण आहे. आशा कार्यकर्ती मृत्यू कळवते, मग घरी जाऊन विचारपूस होते: त्रास केव्हा ओळखला, वाहन केव्हा मिळाले, रक्त मिळाले का? केरळात तर प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासूनच गोपनीय आढावा सुरू केला होता.

१०/ फार यांच्या काळी आकडे होते, प्रश्न विचारणारी यंत्रणा नव्हती. आजही दोषारोपाच्या भयाने एखादा मृत्यू दडवला गेला, तर त्या स्त्रीसोबत पुढच्या स्त्रीला वाचवू शकणारा धडाही जातो.