एंडोमेट्रिओसिसची कारणमीमांसा आणि प्रतिबंधाची कल्पना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या आतील आवरणावर आणि कधी आतड्यावरही वाढू लागते, त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस असे म्हणतात. पाळीच्या काळातील तीव्र वेदना, ओटीपोटातील दीर्घकालीन दुखणे आणि वंध्यत्व ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. त्याच्या कारणांचा इतिहास हा केवळ वैद्यकशास्त्राचा इतिहास नाही. स्त्रीने केव्हा विवाह करावा आणि केव्हा माता व्हावे, याविषयीची सामाजिक मतेही विसाव्या शतकात कारणांच्या यादीत जाऊन बसली. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

सॅम्पसन यांचा सिद्धांत आणि त्याच्या मर्यादा :

या विकाराच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय अनेकदा व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांच्या १८६० मधील लेखनाला दिले जाते. त्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आधुनिक चर्चेचा पाया मात्र अमेरिकेतील ऑल्बनी येथील जॉन सॅम्पसन यांनी घातला. १९२१ मध्ये त्यांनी बीजांडकोशावरील, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठींचे सविस्तर वर्णन केले. पुढे १९२७ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, पाळीचे रक्त काही अंशी बीजवाहिन्यांतून मागे वाहते आणि त्यासोबत आलेल्या पेशी उदरपोकळीत रुजतात. जर्मनीत रॉबर्ट मायर यांचे मत याहून निराळे होते. उदरपोकळीच्या आवरणातील पेशींचेच रूपांतर होऊन ही ऊती तयार होते, असे ते मानत.

सॅम्पसन यांचे स्पष्टीकरण साधे असल्याने पाठ्यपुस्तकांत लवकर स्थिरावले. परंतु १९८४ मध्ये हाल्मे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बीजवाहिन्या खुल्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये पाळीच्या काळात रक्त उदरपोकळीत येते. जी गोष्ट बहुतेक सर्व स्त्रियांमध्ये घडते, ती मोजक्या स्त्रियांनाच होणाऱ्या विकाराचे पुरेसे कारण कशी ठरेल? शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगावर इस्ट्रोजेनचे उपचार घेतलेल्या काही पुरुषांमध्येही हा विकार आढळल्याच्या विरळ नोंदी आहेत. तेथे पाळीचा प्रश्नच उद्भवत नाही.

विवाहाचे वय कारण कसे बनले? :

बोस्टनचे ख्यातनाम स्त्रीरोगतज्ज्ञ जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी १९४० च्या दशकापासून एक वेगळीच मांडणी केली. खासगी, म्हणजे सुस्थितीतील रुग्णांमध्ये हा विकार अधिक आढळतो; या स्त्रिया उशिरा विवाह करतात व त्यांना मुले कमी असतात; सबब विलंबित मातृत्व हेच कारण, असा त्यांचा युक्तिवाद होता. वयात येताच अपत्ये होणाऱ्या माकडांचा दाखला त्यांनी दिला. तरुणांना लवकर विवाह करता यावा म्हणून पालकांनी आर्थिक साहाय्य करावे, असेही त्यांनी सुचविले. १९५३ मधील त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकातच विवाहाचे वय व अपत्यसंख्या यांचा कारण म्हणून उल्लेख आहे. याच धारणेतून पुढे ‘नोकरदार स्त्रीचा आजार’ हे बिरुद रूढ झाले.

या युक्तिवादात दोन मूलभूत दोष होते. हा विकार स्वतःच गर्भधारणेत अडथळा आणतो. त्यामुळे अपत्य नसणे हा त्याचा परिणाम असण्याचीही तितकीच शक्यता होती. कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल मेग्ज यांच्यासारख्या अनुभवी शल्यविशारदाकडून व्हावी, हे आश्चर्यकारक आहे. दुसरा दोष निदानाच्या पद्धतीत होता. पोट उघडून पाहिल्याशिवाय या विकाराची खात्री होत नसे आणि ती सोय कोणाला मिळेल हे आर्थिक स्थितीवर अवलंबून असे. गरीब व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वेदनांना सहसा ‘ओटीपोटाचा संसर्ग’ असे नाव देऊन प्रकरण संपविले जाई.

दुर्बिणीद्वारे पोटाची तपासणी सुलभ झाल्यावर हे चित्र पालटले. शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ मध्ये आपल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ओटीपोटाचा संसर्ग असे निदान झालेल्या २० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. विकार एका वर्गापुरता नव्हता. त्याचा शोध तेवढा एका वर्गापुरता घेतला गेला होता. पुढे १९८० मध्ये मिलवॉकी येथे रुग्ण स्त्रियांनीच संघटना स्थापन केली आणि आपल्या लक्षणांच्या नोंदी संकलित करण्यास आरंभ केला.

प्रतिबंधाचा प्रश्न :

मातृत्व हाच प्रतिबंध, ही कल्पना औषधोपचारातही शिरली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरके देऊन शरीरात गर्भावस्थेसारखी स्थिती निर्माण करण्याची पद्धत मांडली. संप्रेरकांमुळे वेदना कमी होतात, हे पुढे मान्य झाले. परंतु त्यामुळे विकार मुळातच टळतो, हे सिद्ध झालेले नाही. ‘लग्न झाले की पोटदुखी थांबेल’ हा सल्ला मराठी घरांनाही अपरिचित नाही. येथे तो बहुधा परंपरेतून येतो, मेग्ज यांच्याकडे तो वैद्यकीय अधिकारवाणीने आला, एवढाच फरक.

कारणांचा शोध आता अनेक दिशांनी चालू आहे. १९९३ मध्ये डायॉक्सिनच्या संपर्कात आलेल्या ऱ्हीसस माकडांमध्ये विकाराचे प्रमाण वाढल्याचे दिसले. मानवाबाबत मात्र पुरावा एकवाक्यतेचा नाही. २०२३ मध्ये ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या जनुकीय अभ्यासातून ४२ स्थाने विकाराशी निगडित आढळली. त्याच वर्षी जपानमधील नागोया येथील संशोधकांनी फ्युसोबॅक्टेरियम या जिवाणूशी संबंध असल्याचे सूचित केले. यांपैकी कोणत्याही शोधातून खात्रीचा प्रतिबंधक उपाय हाती आलेला नाही. युरोपीय मानवी पुनरुत्पादन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, केवळ या विकारावरील उपचार म्हणून स्त्रीला गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे नमूद केले. मेग्ज यांच्या १९५३ मधील लेखानंतर त्याला ६९ वर्षे लागली.