रुग्णाच्या भाकरीचे गणित

शहाद्याच्या इस्पितळात खाटेवर पडलेल्या माणसाला गावाहून डबा येतो, तेव्हा आणणाऱ्याच्या मनात एकच हिशेब असतो: पूर्वी किती खाई आणि आता किती उरवतो! हाच हिशेब अंकांत मांडायला वैद्यकाला विसावे शतक उजाडावे लागले.

तापाच्या आरंभी लंघन, मग पेज, ही आपली जुनी रीत. युरोपातही तापकऱ्याचे अन्न तोडीतच असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू इस्पितळात कोलमन आणि ड्यू बॉइस यांनी विषमज्वराच्या रोग्यांच्या देहातून निघणारी उष्णता मोजली. ताप एक अंश फॅरनहाइट चढला की खर्च सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असे दिसले. म्हणजे उपाशी ठेवलेला रोगी आपलेच मांस जाळीत होता!

१९१९ साली हॅरिस व बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या मोजमापांवरून वजन, उंची आणि वय यांचे सूत्र बांधले. पन्नाशीचा, ४५ किलो वजनाचा, १६० सेंटिमीटर उंचीचा शेतमजूर घ्या. नुसता स्वस्थ पडून राहिला तरी त्याला सुमारे ११५० कॅलरी लागतात; शंभर ग्रॅम पिठाची एक, अशा बाजरीच्या तीन भाकरींहून थोड्या अधिक. ताप १०२ वर गेला की आकडा चौदाशेच्या वर.

परंतु मोजलेली ती माणसे निरोगी, आणि अमेरिकेतली. १९३९ साली मुंबईत नियोगी, पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी आपल्या लोकांवर हीच मोजणी केली. आकडे पाश्चात्त्य प्रमाणांहून कमी भरले. यांतले वि. ना. पटवर्धन पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेचे प्रमुख झाले. परक्याच्या मापाने आपला अंगरखा शिवू नये, एवढे तरी यातून कळायला हवे होते. तरी तेच सूत्र आपल्या इस्पितळांत वर्षानुवर्षे चालले.

श्वासातला प्राणवायू मोजणे हा आजही सर्वांत खात्रीचा मार्ग. पण ते यंत्र महाग. म्हणून बहुतेक डॉक्टर किलोमागे २५ ते ३० कॅलरी असा अंदाज धरतात. मात्र सातपुड्याच्या पायथ्याहून महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेला माणूस आला, तर हा आकडा पहिल्याच दिवशी गाठू नये. अन्न एकदम वाढले की रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरते आणि हृदय बंद पडू शकते. अशा वेळी माऊलीने प्रेमाने भरून आणलेला डबा अर्धा परत पाठवावा लागतो, आणि तिला ते समजावून सांगणे हे सूत्रापेक्षा कठीण असते.