आठ मुलांमागे एक आई

बोईसरच्या पूर्वेला बेटेगाव. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि त्यापुढे समुद्राकाठी १९६९ पासून वीज देणारं अणुकेंद्र. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहतात. जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबं पावसाळा संपला की मजुरीसाठी घर सोडून वीटभट्ट्यांकडे निघतात. अशा वस्तीत एखाद्या पोराचे आईबाप गेले तर त्याची आजी, मामा, आत्या दूर गावी असतात. मूळ गावात असतं तर तेच पोर मामाकडे वाढलं असतं. भाच्याच्या ताटात वाढायला मामीला कुणाची परवानगी लागली नसती आणि त्या घराला कुणी संस्थाही म्हटलं नसतं. नात्यांचं हे जाळं जिथे पोचत नाही, तिथे मुलाला कुणी आणि कसं वाढवायचं?

आज याचं एक उत्तर अनेक देशांत दिसतं. लहान घर, थोडी मुलं, सख्खी भावंडं एकत्र आणि वर्षानुवर्षं तिथेच राहणारी एक आई. हे उत्तर सापडायला फार काळ गेला.

आपल्या किनाऱ्यावर पोरक्या मुलांविषयीचे जुने लेखी हुकूम पोर्तुगीज अमलातले आहेत, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. १५५९ च्या फर्मानाने आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं ताब्यात घेऊन गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात सोपवायची आणि त्यांना बाप्तिस्मा द्यायचा, असं ठरलं. मुलाला काका असला, मामा असला, तरी त्याने भागत नसे. त्याच काळात पोर्तुगालमधल्या पोरक्या मुलींना राजाच्या आश्रयाने जहाजातून गोव्याला पाठवत. त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंड्यात सरकारी पद किंवा जमीन मिळे. पोरकं मूल हा तेव्हा राज्य आणि धर्म वाढवण्याचा माल होता. वसई आणि तारापूर १७३९ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत हा किनाराही त्याच सत्तेखाली होता. मूल ताब्यात घेणं आणि मूल सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरक्या मुलांच्या सांभाळाच्या या कुळकथेच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

महाराष्ट्रात सांभाळण्याची बाजू १८६३ मध्ये पुण्यात उभी राहिली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये, हवं तर तिथेच ठेवून जावं. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्या सेवेतच १८९७ मध्ये गेल्या. संस्था काढणाऱ्यांनी त्याच संस्थेतलं मूल पोटचं मानून घरी वाढवलं, ही गोष्ट मला त्या संस्थेइतकीच मोठी वाटते.

पंढरपूरला १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम सुरू झाला. टाकून दिलेल्या अर्भकांसाठी काढलेला हा आश्रम लगेचच मोठ्या दुष्काळात सापडला. केडगावच्या मुक्ती सदनाचंही तसंच झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून भुकेल्या मुली, विधवा घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास, गुजरातचा दुष्काळ पडल्यावर, मुक्ती सदनातली संख्या दीड हजाराच्या वर गेली. रमाबाईंच्याच शारदा सदनात शिकून तयार झालेल्या स्त्रियांनी या नव्या मुलींची जबाबदारी उचलली. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. दुष्काळात माणूस जगवणं हेच पहिलं काम असतं आणि ते रमाबाईंनी केलं. लांबच लांब खोल्या, पंगतीचं जेवण आणि घंटा यांवर त्यांना नावं ठेवणं अन्यायाचं होईल.

पण दुष्काळ सरला तरी घंटा तशीच राहिली. आणीबाणीसाठी केलेली व्यवस्था सगळीकडे कायमची झाली, आणि खरा दोष इथे आहे. त्यात सरकारची भर पडली. १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. कायदा चांगला होता, कारण त्यामुळे मूल प्रौढ गुन्हेगारांच्या तुरुंगातून बाहेर आलं. तरीही मुंबईत निरीक्षणगृहासाठी मिळालेली जागा होती डोंगरीचा जुना तुरुंग, जिथे १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस कैदेत होते. वाट चुकलेलं, टाकलेलं, घरातून पळालेलं मूल त्याच भिंतींच्या आत झोपू लागलं. आपल्या मनात अनाथालयाचं जे चित्र असतं, त्यातल्या उंच भिंती आणि लोखंडी फाटक उगाच आलेली नाहीत.

लहान घरांची कल्पना युरोपात निघाली. हॅम्बर्गजवळ योहान हिनरिख विखर्न याने १८३३ मध्ये राउहेस हाउस सुरू केलं. त्याने मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गट वेगळ्या घरात एका मोठ्या माणसाबरोबर ठेवला. इंग्लंडमध्ये बर्नार्डो यांनी १८७६ मध्ये बार्किंगसाइडला मुलींचं गाव वसवलं. तिथे ओळीने घरं होती आणि घरागणिक एक आई. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाने पोरकी केलेली मुलं समोर असताना ऑस्ट्रियात इम्स्टला हेरमान ग्माइनर याने १९४९ मध्ये एसओएस बालग्राम काढलं. आई, भावंडं, घर आणि गाव ही त्याची चार सूत्रं. माणशी महिन्याला एक शिलिंग मागून त्याने पैसा उभा केला.

भारतात ही पद्धत १९६४ मध्ये आली आणि पहिलं बालग्राम दिल्लीजवळ फरीदाबादला झालं. महाराष्ट्रात पुण्याला येरवड्यात आणि अलिबागजवळ बालग्रामं झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरला झालं. साधारण दहा मुलांचं एक घर. त्यात तान्ह्यापासून दहावीपर्यंतची सगळी वयं, कारण खऱ्या घरातही सगळी एका वयाची नसतात. स्वयंपाक त्याच घरात होतो. महिन्याचा खर्च आईच्या हातात असतो, किराणा तीच आणते, शाळेत पालक म्हणून तीच जाते. ती रजेवर गेली की मावशी येते. मूल दुपारी शाळेतून येऊन झाकण उघडून बघतं की आज भाजी कुठली आहे. सामायिक भटारखान्याच्या अनाथालयात वाढलेल्या मुलाला पीठ किती संपतं, गॅस कधी संपतो, दुधाला किती पैसे लागतात हे अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळतं, आणि तोवर त्याला फाटकाबाहेर काढलेलं असतं.

संख्या कमी का हवी, याचं शास्त्रीय उत्तरही आहे. रुमानियात बुखारेस्टला २००० पासून १३६ मुलांचा अभ्यास झाला. अनाथालयातल्या काही मुलांना पालक कुटुंबांत ठेवलं, काही तिथेच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला बिलगणं हे सगळं सुधारलं. त्यातही दोन वर्षांचं होण्याआधी गेलेल्यांचं जास्त. खाणंपिणं आणि औषध मिळूनही बाळ खुंटतं, जर त्याला उचलणारे हात दर पाळीला बदलत असतील.

म्हणून या साऱ्या रचनेचा खरा खांब ती बाई आहे, आणि तिच्याविषयी आपण फार थोडं बोलतो. बोललो तर त्याग म्हणतो. सिंधुताई सपकाळांना महाराष्ट्राने माई म्हटलं ते मनापासून. दुसऱ्यांच्या मुलांत आणि आपल्यात भेद होऊ नये म्हणून त्यांनी पोटची मुलगी पुण्याच्या दगडूशेठ ट्रस्टकडे वाढायला दिली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण एकेका माईच्या असामान्यपणावर मुलांची व्यवस्था उभी करता येत नाही. साध्या, चार बायकांसारख्या बाईलाही हे काम वीस वर्षं करता आलं पाहिजे. त्यासाठी तिला पगार हवा, रजा हवी, प्रशिक्षण हवं आणि म्हातारपणाची सोय हवी. आई दर दोन वर्षांनी बदलली तर सुंदर कौलारू घरसुद्धा वसतिगृहच ठरतं.

आणि घराचं दार बंद असलं तर तेही पुरेसं सुरक्षित नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या एसओएस संस्थेनेच जाहीर केलं की संस्थापक ग्माइनरने मुलांचं लैंगिक शोषण केल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत. चार सूत्रं लिहिणाऱ्या माणसाविषयी हे वाचून सुन्न व्हायला होतं. सूत्रं त्यामुळे खोटी ठरत नाहीत. मात्र मुलाला घराबाहेरचं, संस्थेबाहेरचं कुणी विश्वासाचं माणूस हवं, हे पाचवं सूत्र त्यांत घालावं लागतं.

कुळकथेचा एक धागा आपल्या पालघर जिल्ह्यातही आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. मूल इमारतीकडे ओढण्यापेक्षा मदत त्याच्या दारात न्यायची, हा विचार इथे प्रत्यक्षात आला. तो शिक्षणासाठी होता, पण पोरक्या मुलालाही तोच लागू पडतो. आजी जिवंत असेल तर मुलाला घरातून हलवू नका, आजीला हात द्या.

२०१५ चा बाल न्याय कायदा हेच सांगतो. संस्थेत ठेवणं हा त्यात सर्वांत शेवटचा उपाय आहे. आधी आईबाप, मग नातेवाईक, मग दत्तक किंवा पालक कुटुंब. सामूहिक पालकत्वाची, म्हणजे काही मुलांना एका घरात एकत्र वाढवण्याची, तरतूदही त्यात आहे आणि नियमांनुसार अशा एका घरात आठाहून जास्त मुलं ठेवता येत नाहीत. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आजी, मामा किंवा एकट्या उरलेल्या आईला मुलामागे दरमहा मदत देते. कधी काळी ४२५ रुपये असलेली ही रक्कम आता २,२५० झाली आहे. पुरेशी ती अजूनही नाही. पण ती मिळते हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी आज्या नातवंडाला वसतिगृहात सोडून येतात.

तेव्हा बेटेगाव, बोईसर, पालघरच्या वाचकांना एक विनंती. शेजारच्या खोलीतलं मूल पोरकं झालं तर ते परस्पर कुणाला देऊ नका आणि एखाद्या ओळखीच्या आश्रमातही नेऊन ठेवू नका. १०९८ वर फोन करा, तो चोवीस तास आणि मोफत आहे. मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जाईल. समितीला त्याच्या आजीचा, मामाचा, गावाचा पत्ता सांगा, कारण तो बहुधा शेजाऱ्यालाच माहीत असतो. आणि घरात जागा असेल, मन असेल, तर पालक कुटुंब होण्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात स्वतः नाव द्या.