एक खुर्ची, एक सोफा

संगणकासमोर खुर्ची एकच असते. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला २००७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत होतो. मुलगी नुकतीच झाली होती आणि बाळंतपणासाठी आई-बाबा सहा महिने येऊन राहिले होते. नेमकं त्याच महिन्यात साताऱ्याला आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. आई काही बोलली नाही. पण त्या दिवशी ‘साताऱ्यात आता किती वाजले असतील रे?’ हे तिने मला चारदा विचारलं.

मामेभावाने सगळा समारंभ कॅमेऱ्यावर टिपला, ७०० एमबीची एक एव्हीआय फाईल बनवली आणि दोन रात्री अपलोडला लावली. मी ती उतरवून घेतली. संगणक बेडरूममध्ये. आई खुर्चीत, बाबा तिच्या मागे उभे, मी दाराला टेकून, आणि बायको बाळाला घेऊन हॉलमध्ये. दहाव्या मिनिटाला बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले. "राहू दे, उरलेलं उद्या बघू," आई म्हणाली.

हॉलमध्ये सोफा होता, मोठा टीव्ही होता आणि टीव्हीखाली घरच्याच नेटवर्कला जोडलेला एक गेम कन्सोल होता. फाईल आणि सोफा यांच्यामध्ये फक्त एक भिंत! पण त्या डब्याने फाईल वाजवायला साफ नकार दिला. (डबा कोणता ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत.) ती भिंत कुणी बांधली आणि कुणी पाडली, हे मी नंतर हळूहळू वाचत गेलो. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात २००१ च्या नोव्हेंबरपासून करू. मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत पहिला एक्सबॉक्स आणला तेव्हा. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, ८ जीबीची हार्ड डिस्क आणि मागे नेटवर्कची वायर लावायची जागा. म्हणजे थोडक्यात टीव्हीला जोडलेला पीसीच की! फक्त त्याला कुलूप होतं. कंपनीची सही असलेला प्रोग्रॅमच त्यावर चालायचा. त्यामागचा हिशोबही सरळ होता: डबा तोट्यात विकायचा आणि पैसे गेम्सवर कमवायचे. गेम्स सोडून बाकी सगळं करणारं गिऱ्हाईक त्यांना परवडणारं नव्हतं.

२००२ मध्ये एमआयटीतल्या अँड्र्यू ‘बनी’ ह्वांग या विद्यार्थ्याने एक्सबॉक्सच्या दोन चिपांमधून वाहणारी माहिती तारा जोडून टिपली आणि कुलपाची गुप्त किल्ली बाहेर काढली. पुढे त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. कुलूप उघडल्यावर लोकांनी काय केलं? फुकटात गेम्स खेळणारे होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण काहींना वेगळंच काहीतरी हवं होतं. त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रॅमर्सनी ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेअर’ लिहायला घेतला. त्यात एमप्लेअर आणि एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पांमधला कोड वापरला होता. पुढे त्याचंच ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’, म्हणजे एक्सबीएमसी झालं आणि २००४ च्या जूनमध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

त्याची खुबी साधी होती. पीसीवर नेहमीसारखा एखादा फोल्डर शेअर करा, एक्सबॉक्स तो थेट उघडणार आणि आतली फाईल आहे तशी स्वतः वाचून दाखवणार. पीसीवर वेगळं काही बसवायला नको. गंमत म्हणजे हे सॉफ्टवेअर तयार करायला मायक्रोसॉफ्टची अधिकृत साधनं लागायची आणि ती वापरायचा परवाना या मंडळींकडे नव्हता. म्हणून ते फक्त कोड प्रसिद्ध करायचे. पाककृती जाहीर, पण ताट वाढायची सोय नाही!

कंपन्याही स्वस्थ बसल्या नव्हत्या. सोनी, इंटेल वगैरेंनी २००३ मध्ये एकत्र येऊन जी संघटना काढली, ती पुढे डीएलएनए म्हणून ओळखली गेली. घरातल्या यंत्रांनी एकमेकांशी एका भाषेत बोलावं, हा तिचा हेतू. पीसी म्हणणार, ‘माझ्याकडे हे हे आहे’. टीव्हीखालचा डबा म्हणणार, ‘त्यातलं अमुक दे’. कल्पना उत्तम. पण कुठल्या प्रकारची फाईल प्रत्येकाला वाजवता आलीच पाहिजे, ती यादी फारच छोटी होती आणि लोकांच्या हार्ड डिस्कवर ज्या फाईली होत्या, त्या नेमक्या त्या यादीत नव्हत्या. डिव्हएक्सचा जन्मच मुळी मायक्रोसॉफ्टच्या कोडेकशी केलेल्या खटपटीतून झालेला आणि त्याला चोरीच्या सिनेमांचा वास लागलेला. त्या वासात आमच्या आजीचं औक्षणही अडकलं.

२००६ च्या शरदात एक्सबॉक्स ३६० पीसीवरच्या फाईली घेऊ लागला, पण मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूएमव्ही प्रकारच्या. २००७ च्या मे महिन्यात प्लेस्टेशन ३ ला डीएलएनए आलं. उरलेली फट टीव्हर्सिटीसारख्या प्रोग्रॅम्सनी भरली. हे म्हणजे दुभाष्येच. पीसीने फाईल चालता चालता डब्याला कळेल अशा प्रकारात बदलायची आणि पुढे पाठवायची. मीही असा एक दुभाष्या बसवून पाहिला. पण माझ्या जुन्या पीसीला ते झेपेना. ८१ दिव्यांच्या औक्षणात चौथ्या-पाचव्या दिव्यालाच धाप लागून तो थांबायचा.

मग आला डिसेंबर. ४ तारखेला एक्सबॉक्स ३६० चा आणि त्याच महिन्यात प्लेस्टेशन ३ चा अपडेट आला आणि दोघांनाही डिव्हएक्सच्या जातीच्या फाईली कळू लागल्या. भिंत एका रात्रीत गेली. यंत्रात काहीही बदललं नव्हतं बरं का! तो चिप, ती वायर, तो टीव्ही, सगळं तेच. बदलली होती फक्त परवानगी.

त्या रविवारी आम्ही सगळे सोफ्यावर बसलो. आईच्या मांडीवर बाळ. फाईलच्या शेवटी मामेभाऊ कॅमेरा आजीच्या अगदी तोंडाशी नेतो आणि ती भिंगाकडे बघत विचारते, "तिला ऐकू जातंय का रे?" आई टीव्हीला म्हणाली, "जातंय गं, जातंय." कोणी हसलं नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. एक्सबीएमसी एक्सबॉक्सवरून उठून लिनक्स, मॅक, विंडोजवर गेलं. २००८ मध्ये त्यातूनच प्लेक्स निघालं. २०१० मध्ये मूळ चमूने जुन्या एक्सबॉक्सचा हात सोडला आणि २०१४ मध्ये नावातला एक्सबॉक्स काढून ‘कोडी’ असं नाव घेतलं. उलट डीएलएनएच्या संस्थापकांपैकी असलेल्या सोनीचा प्लेस्टेशन ४ २०१३ मध्ये आला तो ही सोय न घेताच. ती पुन्हा मिळायला २०१५ उजाडलं. २०१७ मध्ये डीएलएनए ही संघटनाच बरखास्त झाली. दिलेली परवानगी परत घेता येते, हे मी तेव्हा शिकलो. लिहिलेला आणि वाटून टाकलेला कोड मात्र परत घेता येत नाही.

आजी २०११ मध्ये गेली. माझा तो डबाही केव्हाच भंगारात गेला. पण ती एव्हीआय फाईल पाच हार्ड डिस्क बदलून अजून माझ्याकडे आहे आणि कोडीवर विनातक्रार चालते. मामेभावाने घाईघाईत तिचं नाव ‘आजी फायनल २’ असं ठेवलं होतं. ते मी बदललेलं नाही.